कमरेच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पायाची कळ परत आली: थांबायचं की तपासायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. थोरल्या भावाच्या पायदुखीबद्दल विचारायचं आहे. उत्तरं नेमकी मिळावीत म्हणून माहितीही नेमकी देतो.

वय ४६, वजन ७२ किलो. बँकेत कारकून, म्हणजे रोज सात-आठ तास खुर्चीत. मधुमेह ६ वर्षांपासून, मेटफॉर्मिन दिवसाला १ ग्रॅम, शेवटची एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८. तंबाखू नाही. कमरेच्या मणक्यांमधली सगळ्यात खालची गादी (एल५-एस१) डावीकडे सरकली होती. कुल्ल्यापासून मांडीच्या मागून पोटरीत आणि करंगळीपर्यंत कळ, पाच महिने. सात आठवड्यांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दोन सेंटिमीटरचा छेद, दुसऱ्या दिवशी घरी.

ऑपरेशननंतर पायाची कळ गेली, करंगळीचा बधिरपणा तेवढा राहिला. पाचव्या आठवड्यात ते कामावर रुजू झाले आणि सहा दिवसांनी पोटरी पुन्हा ओढायला लागली. आता खुर्चीत वीस मिनिटं बसलं की पोटरी ओढते, तळव्याच्या बाहेरच्या कडेला जळजळ होते. चाललं की थोडं बरं वाटतं. खोकलं की चमक पोटरीपर्यंत जाते. कंबर फारशी दुखत नाही. जखम कोरडी आहे, ताप नाही, लघवी-संडास नीट.

औषधं: रात्री प्रीगॅबालिन ७५ मि.ग्रॅ. आणि मिथाइलकोबालामिनची (बी१२) एकत्र गोळी, लागेल तेव्हा डायक्लोफिनॅक. डॉक्टर म्हणाले, नस सुजलेली असते, तीन महिने जाऊ द्या.

विचारायचं ते एवढं: तीन महिने थांबणं बरोबर आहे का? एमआरआय आत्ता काढावा का? व्यायाम कोणता चालेल? वहिनी रोज रात्री पायाला गरम पाण्याच्या पिशवीने शेक देतात, ते ठीक आहे ना? नात्यातले एकजण नस बसवणाऱ्याकडे नेऊया म्हणताहेत.

---

पाचवा_मणका

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी, कारण ती आजच लागू करायची आहेत. बधिर पावलाला गरम पिशवी नको. चटका बसला तरी कळत नाही, आणि मधुमेहात ती जखम महिनोन्‌महिने चालते. शेक द्यायचाच असेल तर कमरेला किंवा कुल्ल्याला, कापड मध्ये घालून, दहा मिनिटं. आणि नस बसवणाऱ्याकडे अजिबात नेऊ नका. गादीच्या कडेला जिथून तुकडा काढला तिथली भेग भरायला काही महिने लागतात. कंबर पिळून कडकन आवाज काढला तर उरलेला गर त्याच भेगेतून बाहेर येऊ शकतो.

आता मुख्य मुद्दा. ऑपरेशननंतर पाय दुखतोय म्हटलं की पहिला प्रश्न एकच: मधे दुखणं थांबलं होतं का? या एका उत्तराने निम्म्या शक्यता गळतात.

जागं झाल्यापासून दुखणं तसूभरही कमी झालं नसेल, तर तुकडा आत राहिला का, नसेच्या बाजूची अरुंद वाट मोकळी करायची राहून गेली का, ऑपरेशन योग्य पातळीवर झालं का, आणि मुळात दुखणं त्या गादीचंच होतं का, हे बघावं लागतं. खुब्याचा सांधा झिजला असेल तरी मांडी दुखते. गुडघ्याच्या बाहेर, बारीक हाडाच्या डोक्यापाशी नस दाबली गेली तरी पावलाचा वरचा भाग बधिर होतो.

दुखणं कमी झालं पण पूर्ण गेलं नाही, आणि आठवड्यागणिक उतरतंय, असं असेल तर ती बहुतेक नसेचीच कुरकुर. पाच महिने दबलेली नस दाब काढला म्हणून त्याच दिवशी बरी होत नाही. साधारण क्रम असा: आधी कळ जाते, मग ताकद येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी. नुसतं वरचं आवरण दुखावलं असेल तर काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सुधारणा दिसते. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे करंगळी दोन-अडीच वर्षंसुद्धा बधिर का राहू शकते ते कळेल. दादांची करंगळी या हिशेबात बसते. तिची काळजी करू नका.

पोटरीचं मात्र तसं नाही. तिथे पाच आठवडे कळ नव्हती आणि मग ती त्याच वाटेने परत आली. बसल्यावर वाढते, खोकल्यावर खाली उतरते. बसताना आणि खोकताना गादीवरचा दाब वाढतो, म्हणून ही लक्षणं गादीकडे बोट दाखवतात. त्याच जागी गादी पुन्हा सरकण्याचं प्रमाण शंभरात साधारण ५ ते १५ सांगितलं जातं, आणि सुरुवातीचे तीन महिने त्यात जास्त जोखमीचे. दुसरी शक्यता अशी की सात-आठ तास बसण्याचा भार एकदम पडला आणि अजून हळवी असलेली नस पुन्हा सुजली. तिसरी, नसेभोवती व्रणाचं, म्हणजे भरलेल्या जखमेच्या घट्ट ऊतीचं, जाळं धरणं. ते सहसा दीड महिन्यानंतर ते सहा महिन्यांत हळूहळू त्रास द्यायला लागतं, असं सहा दिवसांत उसळत नाही.

म्हणून ‘नस सुजलेली असते, तीन महिने थांबा’ हा सल्ला दुखणं उतरत असलेल्या माणसाला बरोबर आहे. थांबून परत आलेल्या दुखण्याला तो जसाच्या तसा लावू नये. तुमच्या डॉक्टरांना हा मधला मोकळा काळ नीट कळला आहे का? ओपीडीत ‘पाय अजून दुखतोय’ एवढंच सांगितलं जातं, आणि ऐकणारा ते पहिल्यापासूनच दुखतंय असं समजतो. कागदावर तारखा लिहून न्या: ऑपरेशन कधी, कळ कधी गेली, कामावर कधी गेले, पहिली ओढ कधी.

छेद लहान म्हणून नस लवकर बरी व्हायला हवी होती, असं वाटत असेल तर तेही सोडून द्या. फोली आणि स्मिथ यांनी १९९७ मध्ये नळीतून गादी काढायची पद्धत मांडली, त्यात स्नायू कापण्याऐवजी बाजूला सारले जातात. त्याने टाक्याचं दुखणं आणि रक्तस्राव कमी होतो. आत नसेशी काम तेच असतं. नेदरलँड्समध्ये ३२८ रुग्णांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नळीची पद्धत नेहमीच्या मायक्रोडिस्केक्टमीपेक्षा (मायक्रोस्कोपखाली लहान छेदातून गादीचा तुकडा काढणं) सरस ठरली नाही.

आणि ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ या एका नावाखाली आपल्याकडे चार वेगवेगळ्या गोष्टी येतात: नळी आणि मायक्रोस्कोप, नळी आणि कॅमेरा, कुशीकडून सात-आठ मिलिमीटरच्या छिद्रातून केलेली पूर्ण एंडोस्कोपी, आणि दोन छिद्रांची पद्धत. कुशीकडून गेलं असेल तर वरच्या नसेच्या गाठीला धक्का लागून काही दिवसांनी भाजल्यासारखी आग होते, पायजम्याचा स्पर्शही सोसत नाही. पण ती आग बहुधा काही आठवड्यांत विझते. त्यामुळे हॉस्पिटलमधून ऑपरेशनची टिपणी मागून घ्या. डिस्चार्ज कार्ड वेगळं, टिपणी वेगळी. त्यात पद्धत, पातळी, बाजू, सुटलेला तुकडा काढला की गादीच्या आतूनही गर काढला, शेवटी नस सैल होती का, मणक्याच्या आतलं नसांभोवतीचं आवरण फाटलं होतं का, हे सगळं असतं.

खालचं काहीही दिसलं तर धागा वाचत बसू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा: जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा, लघवीची जाणीव न होणं किंवा ती अडकणं, संडासवरचा ताबा जाणं, दोन्ही पायांत एकदम कळ, पाऊल लुळं पडणं. यात तासांना महत्त्व आहे.

---

काळी_फिल्म

पाचव्या मणक्याशी सहमत. एमआरआयबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात.

ऑपरेशननंतर पहिले सहा आठवडे त्या जागी रक्त, सूज आणि कोवळा व्रण असतो. फोटोत ते हुबेहूब सरकलेल्या गादीसारखं दिसतं. ज्यांना काडीचाही त्रास नाही त्यांच्याही फोटोत तसं दिसतं. त्यामुळे तातडीचं कारण नसताना चौथ्या आठवड्यात काढलेला एमआरआय बहुतेक वेळा घाबरवायच्याच कामाला येतो. दादांना सात आठवडे झालेत, आता फोटो वाचता येईल.

पण साधा नको, गॅडोलिनियम (शिरेतून देतात ते फोटो उजळवणारं औषध) देऊन हवा. व्रणात रक्तवाहिन्या असतात, म्हणून औषध गेल्यावर तो सगळा उजळतो. गादीच्या तुकड्यात त्या नसतात, त्यामुळे तो मधे काळा राहतो, फार तर कडेने उजळतो. मात्र औषध दिल्यावर आडवे छेद लगेच घ्यावे लागतात. अर्धा-पाऊण तास गेला की औषध तुकड्यातही झिरपतं आणि फरक पुसला जातो. मात्रा नेहमीच्या औषधांची किलोला ०.२ मिली, म्हणजे ७२ किलोला साधारण १४ मिली. मधुमेह आहे, तेव्हा आधी रक्तातलं क्रिएटिनिन करून ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा आकडा) बघा; ३० च्या खाली असेल तर रेडिओलॉजिस्टला आधी सांगायचं.

चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय लंबर स्पाइन’ नको. ‘डावी एल५-एस१ मायक्रोडिस्केक्टमी, अमुक तारीख, पाच आठवडे कळ नाही, मग डाव्या एस१ नसेची कळ परत, व्रण की तुकडा’ एवढं लिहिलेलं हवं. ऑपरेशनच्या आधीची सीडी सोबत द्या. जुन्या फोटोशी ताडून बघितल्याशिवाय नवा फोटो अर्धाच वाचला जातो. फिल्मचं पाकीट पुरत नाही, सीडीच हवी.

त्याच सुईत सीआरपी आणि ईएसआर (शरीरातली सूज किंवा जंतुसंसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्या. साध्या ऑपरेशननंतर सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वर जातं आणि साधारण दोन आठवड्यांत खाली येतं. ईएसआर उतरायला जास्त दिवस लागतात, म्हणून एकट्या ईएसआरवरून काही ठरवू नये. सातव्या आठवड्यात सीआरपी वर असेल तर गादीत जंतुसंसर्ग आहे का ते बघायलाच हवं. त्यात सहसा कंबर भयंकर दुखते, कूस बदलताना माणूस ओरडतो, आणि ताप असेलच असं नाही. दादांचं वर्णन तसं नाही, पण मधुमेहात ही तपासणी सोडू नये.

नसेची ईएमजी चाचणी (स्नायूंतले विजेचे संकेत मोजणारी) आत्ता घाईने नको. स्नायूंत बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात आणि जुन्या पाच महिन्यांचे बदलही त्यात मिसळलेले असतात. दोन्ही पावलं बधिर असती तर मी आधी तीच सांगितली असती.

---

सरळ_पाठ (फिजिओथेरपिस्ट)

फोटो येईल तेव्हा येईल. दादांच्या पोटरीची ताकद आज घरी मोजता येते, आणि माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची संख्या तीच आहे. दादांच्या गादीपाशी दबणारी एस१ नस पोटरी चालवते. हाताने पाऊल दाबून बघितलं तर पोटरी इतकी दणकट असते की निम्मी ताकद गेली तरी कळत नाही. म्हणून ती उभ्याने मोजायची.

भिंतीकडे तोंड, बोटांची टोकं फक्त तोलासाठी भिंतीला. एका पायावर उभं राहायचं, गुडघा सरळ, टाच पूर्ण वर, मग खाली. दोन सेकंदाला एक. उंची निम्मी झाली, गुडघा वाकला किंवा भिंतीवर भार गेला की मोजणी थांबवायची. आधी उजवा, मग डावा. या वयात वीस-पंचवीस व्हायला हवेत. दोन-तीनचा फरक सोडून द्या. डावा निम्म्यावर असेल, किंवा आठवड्यात आकडा उतरत असेल, तर ते कळेपेक्षा गंभीर आहे. मोजताना कळ उठली म्हणून थांबले की स्नायू दमला म्हणून थांबले, हेही लिहा.

एल४-एल५ ची गादी असलेल्या वाचकांसाठी: तिथे एल५ नस दबते, तेव्हा टाचांवर चालून बघायचं आणि अंगठा वर उचलायची ताकद बघायची. चवड्यांवर नव्हे.

व्यायाम. फोटो होईपर्यंत वाकायचे आणि ताणायचे सगळे व्यायाम बंद. पाय सरळ ठेवून मांडीमागची शीर ताणायची सवय बऱ्याच जणांना असते. ती हळवी नस ताणते आणि दोन दिवस पाय पेटलेला राहतो. मी देते ते नस ताणणं नव्हे, नस सरकवणं: उंच खुर्चीत बसायचं, डावा गुडघा हळू सरळ करताना त्याच वेळी मान वर न्यायची, गुडघा दुमडताना मान खाली. नसेचं एक टोक ओढलं की दुसरं सैल पडतं, त्यामुळे ती ताण न येता सरकते. दहा वेळा, दिवसातून दोनदा. मान आणि गुडघा उलट्या जोडीने हलवले की तोच व्यायाम ताण देणारा होतो, आणि चूक नेमकी इथेच होते. पाच मिनिटांनंतरही ओढ राहिली तर वाकवण्याचं प्रमाण निम्मं करा. तरीही राहिली तर बंद.

पालथं झोपणं पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. ते सोसलं तर कोपरांवर छाती उचलून दोन मिनिटं. इथे कळ कुठे जाते ते बघायचं. पावलातून पोटरीत, पोटरीतून कुल्ल्यात अशी वर सरकली तर चांगलं लक्षण, मग कंबर थोडी दुखली तरी चालेल. खाली उतरली तर लगेच थांबायचं. चालणं सपाट जागी दहा मिनिटं, दिवसातून चारदा. एकदम चाळीस मिनिटं चालू नका.

बसणं. खरं दुखणं इथे आहे. शक्य असेल तर दोन आठवड्यांची रजा वाढवून घ्या. नाहीच जमलं तर फोनवर वीस मिनिटांचा गजर, वाजला की उठून दोन मिनिटं फिरायचं, हातातलं काम संपू दे म्हणायचं नाही. खुर्ची एवढी उंच की खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची आठ-दहा सेंटिमीटर जाड गुंडाळी. जमिनीवर मांडी घालून जेवण नको. देशी संडास असेल तर त्यावर कमोडची खुर्ची ठेवा. उकिडवं बसताना कंबर पूर्ण गोल होते आणि वर जोर लावला जातो, गादीला याहून वाईट स्थिती नाही. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल एक-दोन चमचे भरपूर पाण्यासोबत. दुचाकी बंद, मागे बसूनसुद्धा. पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर, लहान मूल, काहीही दोन-तीन किलोच्या वर उचलू नका. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडत हाताने अंग उचलायचं.

कंबरेच्या पट्ट्याने पायाची कळ जात नाही. प्रवासापुरता बांधला तर हरकत नाही.

---

मात्रा_आणि_मेळ (फार्मसी)

औषधांकडेही बघायला हवं.

प्रीगॅबालिन ७५ रात्री ही सुरुवातीची मात्रा आहे. फरक पडतोय का हे ठरवायला डॉक्टर ती सहसा काही दिवसांनी सकाळ-रात्र करतात, मूत्रपिंड ठीक असेल तर पुढेही वाढवतात. पण तिच्याकडून फार अपेक्षा नको. ‘प्रिसाइज’ नावाच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सायटिकाच्या रुग्णांना दिवसाला ६०० मि.ग्रॅ.पर्यंत प्रीगॅबालिन देऊनही आठ आठवड्यांनी पायाचं दुखणं नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा कमी झालं नाही, चक्कर मात्र जास्त आली. ती चाचणी ऑपरेशननंतरच्या दुखण्याची नव्हती हे खरं. तरी तात्पर्य असं की तुकडा नस दाबत असेल तर गोळी वाढवत महिने काढू नयेत. दादांची जळजळ तिने कमी होईल, बसल्यावरची ओढ बहुधा नाही. बंद करायची झाली तर एकदम नको, किमान आठवडाभर उतरवत.

प्रीगॅबालिनने पाय सुजतात, आणि मधुमेहासाठी पायोग्लिटाझोनही चालू असेल तर जास्त. ती सूज दोन्ही पायांना येते. एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दाबल्यावर दुखणं असेल तर तो नसेचा प्रश्न नाही, शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का ते बघायला त्याच दिवशी डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) हवा. पोटरीचा घेर गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर मोजा. दोन पायांत तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर थांबू नका. ऑपरेशननंतर सात आठवडे कमी हालचाल झालेल्या माणसाची दुखरी पोटरी ही नेहमीच नस असते असं धरून चालू नये.

डायक्लोफिनॅक लागेल तेव्हा म्हणजे दिवसातून किती? मधुमेह आणि त्यात रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल, तर रोजचं डायक्लोफिनॅक मूत्रपिंडावर येतं. एमआरआयच्या आधीचं क्रिएटिनिन त्यासाठीही उपयोगी. कुणी ट्रॅमाडॉल दिलं तर ते ड्युलोक्सेटिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलीनसोबत चालू आहे का ते डॉक्टरांना विचारा, ही जोडी त्रास देऊ शकते.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर बी१२ कमी होतं आणि पावलं बधिर होतात. पण मिथाइलकोबालामिन चालू असताना केलेली बी१२ ची तपासणी वरच येणार. ऑपरेशनच्या आधीचा जुना रिपोर्ट असेल तर तो शोधा. तसंही बी१२ चा बधिरपणा दोन्ही पावलांना सारखा असतो, एका करंगळीला नाही.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच पिशवी बंद केली, नस बसवणाऱ्याचा विषयही संपला.

टिपणी मिळाली: १८ मि.मी.ची नळी आणि मायक्रोस्कोप, डावी बाजू, एल५-एस१, सुटलेला तुकडा काढला, शेवटी नस सैल, आवरण फाटलेलं नाही. डिस्चार्ज कार्डावर पायाची ताकद ५/५ (म्हणजे पूर्ण). सीआरपी ३ मि.ग्रॅ. प्रति लिटर, ईजीएफआर ९१. दोन्ही पोटऱ्यांचा घेर सारखा. पायोग्लिटाझोन किंवा रक्तदाबाची गोळी नाही. डायक्लोफिनॅक आठवड्यात तीन-चार.

टाच उचलणं: उजवी २२, डावी ९. डावीकडे कळ नव्हती, पाय थरथरून थांबला. आज सकाळी पुन्हा मोजलं, ८. पालथं झोपल्यावर कळ वर सरकत नाही, तळव्यातच राहते.

दुसरं ऑपरेशन करावं लागेल का? दादा त्याच भीतीने डॉक्टरांकडे जायला टाळताहेत.

---

सरळ_पाठ

२२ ला ८, आणि कळ नसताना थरथर. ही दमलेली पोटरी नाही, नस कमी चालते आहे. रोज मोजू नका, स्नायू थकून आकडा खोटा येईल. दर तिसऱ्या दिवशी एकदाच. नस सरकवायचा व्यायाम सध्या थांबवा, चालणं आणि पालथं झोपणं तेवढं चालू ठेवा. जिना उतरताना डाव्या बाजूला कठडा राहील असं बघा.

---

पाचवा_मणका

हे आकडे बघता तीन महिने नाही, उद्याच सर्जनना फोन करा. ‘पाय दुखतोय’ म्हणू नका. ‘पाच आठवडे कळ नव्हती, मग परत आली, डावी टाच उजवीच्या निम्मीही उचलत नाही, कार्डावर ताकद ५/५ होती’ असं म्हणा. एवढ्यावर कुठलाही सर्जन त्याच आठवड्यात औषध देऊन एमआरआय करायला सांगेल.

पुढचं फोटोवर. तुकडा एस१ नसेवर बसलेला असेल आणि ताकद उतरत असेल, तर दुसरं ऑपरेशन लवकर केलेलं बरं, कारण कमजोरी जितकी जुनी तितकी ती परत येण्याची शक्यता कमी. हे सहसा पहिल्यासारखंच लहान असतं. व्रणामुळे आवरण फाटायचा धोका थोडा जास्त. पहिल्याच वेळी परत सरकली म्हणून स्क्रू घालून मणके जोडायला हवेतच असं नाही. कुणी तसं सुचवलं तर उभ्याने, पुढे आणि मागे वाकून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका सरकतोय का, ते विचारा. सरकत नसेल तर जोडायचं कारण काय, तेही विचारा आणि दुसऱ्या स्पाइन सर्जनचं मत घ्या.

तुकडा लहान असेल आणि ताकद आहे तिथे टिकली, तर सी-आर्मखाली (चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र) एस१ नसेपाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन काही आठवडे बघता येतं. डेक्सामेथासोनसारखं पाण्यासारखं विरघळलेलं औषध असावं. साखर पुढचे चार-पाच दिवस चढेल, तेव्हा घरच्या मशीनवर रोज दोनदा मोजून फिजिशियनना कळवा. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

फोटोत नुसता व्रण असेल तर ऑपरेशनला सरळ नाही म्हणा. व्रण कापून काढला की त्याच जागी नवा व्रण येतो. तेव्हा मग औषधं, इंजेक्शन, व्यायाम, आणि सहा महिन्यांनंतरही कळ तीव्र राहिली तर वेदनातज्ज्ञ मज्जारज्जूला सौम्य वीज देणारं यंत्र आधी काही दिवस तात्पुरतं लावून बघतात. दुखणं निम्म्याने उतरलं तरच कायमचं बसवतात. दादा त्या टप्प्यावर नाहीत.

त्यांना एवढं सांगा की डॉक्टरांकडे जाणं म्हणजे ऑपरेशनला हो म्हणणं नव्हे. ताकद उतरत असताना न जाण्याने पोटरीचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

जाताना गाडीत पुढची सीट मागे रेलवून बसवा, अर्ध्या तासाने थांबून पाच मिनिटं चालवा. दोन्ही सीडी, ऑपरेशनची टिपणी, सीआरपी-क्रिएटिनिनचे कागद आणि टाच उचलण्याचे तारीखवार आकडे एका पिशवीत घ्या. सकाळी मोकळ्या पोटी निघू नका, मेटफॉर्मिन नेहमीप्रमाणे जेवणासोबत. रात्रीत लघवी अडकली तर सकाळची वाट बघू नका, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

---

कृष्णाकाठ

फोन झाला. परवा सकाळी बोलावलं आहे, चिठ्ठीवर काळी_फिल्म यांनी लिहिलंय तसंच लिहून द्यायला ते तयार आहेत. दादांना इथले प्रतिसाद वाचून दाखवले. रजा दोन आठवड्यांनी वाढवली. फोटोचा रिपोर्ट आला की इथेच टाकतो.